सुकामेवा आणि मुंबईची हवा

गिरगावात समुद्र खिडकीतून दिसला नाही तरी मिठाच्या बरणीत दिसतोच. या हवेत सुकामेवा सांभाळताना कळलेल्या या काही गोष्टी.

१. खरेदीआधी पिकाचं पंचांग बघावं. कोकणातला काजू मार्च ते मेमध्ये हाती येतो, सांगली-तासगावकडचे बेदाणे साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वाळतात. म्हणजे गणपतीत दोन्ही चालू सालचे. काश्मीरचा अक्रोड मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतो आणि कॅलिफोर्नियाच्या बदामाची काढणीही ऑगस्ट ते ऑक्टोबरमधली. त्यामुळे भाद्रपदात दुकानात असतो तो बहुधा गेल्या सालचा माल. खिरापतीसाठी मशीद बंदरला गेले, तरी अक्रोड मी दिवाळीनंतरच भरते. आणि चाखल्याशिवाय काहीच घेत नाही. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, घालू दे.

२. सादळणं वेगळं, खवट होणं वेगळं. सादळलेला काजू मंद आचेवर परतला की पुन्हा कुरकुरीत होतो. खवटपणाला औषध नाही. अक्रोडात साठ टक्क्यांहून जास्त तेल, तेही हवा, ऊब आणि उजेड लागला की लवकर बिघडणारं. चारोळीही तशीच नाजूक. काचेच्या बरण्या शोकेसमध्ये छान दिसतात, पण तिथे खडीसाखर ठेवावी.

३. दोन खोल्यांच्या घरात गॅसपासून लांब अशी जागा नसतेच, म्हणून फ्रीज. पण जुलैत फ्रीजमधला डबा बाहेर काढला की मिनिटभरात त्याच्यावर घाम फुटतो. त्याच क्षणी झाकण उघडलं तर तोच ओलावा बदामांवर बसतो. म्हणून मोठा डबा न भरता छोट्या पुड्या कराव्यात, लागेल ती रात्री बाहेर काढावी आणि सकाळी उघडावी. झाकण घट्ट हवं. सुकामेवा वास फार पटकन ओढतो आणि आमच्याकडे फ्रीजमध्ये बोंबील असतात.

४. अक्रोडाच्या खाचेत बारीक जाळी दिसली की अळी आहे समजावं. अंडी बहुतेकदा दुकानातूनच येतात. आणल्या आणल्या पिशवी बंद करून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवली की प्रश्न मिटतो. बरणीत लवंगा टाकायच्या सल्ल्यावर माझा विश्वास नाही. लवंगेचा वास बेदाण्यांना लागतो, अळीला नाही.

५. अंजिरावर किंवा खारकेवर पांढरं काही दिसलं तर घाबरून फेकू नये. ती बऱ्याचदा वर आलेली साखरच असते. कोमट पाण्याच्या थेंबात विरघळते. बुरशी विरघळत नाही, केसाळ दिसते आणि कुबट वास मारते. खोबऱ्याची वाटी आतून बघावी, हिरवट-काळे ठिपके तिथेच धरतात. बुरशीचा भाग खरवडून उरलेलं दिंकाच्या लाडवात ढकलायची काटकसर नको. काही बुरशींचं विष तळून-भाजूनही जात नाही.

६. दिवाळीत ऑफिसातून येणारे कप्प्याकप्प्यांचे डबे. वर छापलेली तारीख पॅकिंगची असते, पिकाची नव्हे. त्याच संध्याकाळी डबा रिकामा करते, प्रत्येक कप्प्यातलं एकेक चाखते. जुनाट लागेल ते आधी संपवायला चिवड्यात जातं. खवट निघालं तर तिथेच फेकते.