बिलाला मोबाइल नंबर कशाला?

मैत्रिणींनो, तालुक्याच्या दुकानात साडी घ्या नाहीतर मिक्सर, बिल करणारा मुलगा विचारतोच, "ताई, मोबाइल नंबर?" आपण सांगून मोकळ्या होतो. मागच्या रांगेलाही तो ऐकू जातो, ते वेगळंच.

बिलासाठी नंबर द्यायची सक्ती नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना तसं कळवलं आहे. नंबर दिला नाही म्हणून वस्तू नाकारणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. तेव्हा "नंबर द्यायचा नाही, कागदी बिल द्या," असं सरळ सांगावं. "सिस्टीम पुढे जात नाही" म्हणाले तरी नमतं घेऊ नका. अडवलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत तक्रार करता येते.

घरपोच सामान मागवलं असेल तर नंबर लागणारच, तिथे द्या. पण गटाच्या अध्यक्ष-सचिवांनी जास्त जपावं. ज्या नंबरावर गटाच्या खात्याचे मेसेज येतात, तो दुकानात सांगू नये. नाव, गाव, नंबर एकदा बाहेर गेला, की "बँकेतून बोलतोय" म्हणणारा आपल्याला नावानिशी हाक मारतो आणि मग ते खरंच वाटतं. ओटीपी मात्र कुणालाच नाही. पैसे गेलेच तर क्षणभर न थांबता १९३० वर फोन करा.

आणि हो, आपल्या पापड-मसाल्याच्या स्टॉलवर आपणही वहीत गिऱ्हाइकांचे नंबर उतरवतो. कशासाठी ते सांगून, विचारूनच लिहा. ती वही टेबलावर उघडी ठेवू नका.