अर्ज माझा, फोटो त्यांच्या मोबाइलवर

जिंतुरात माझ्याविषयी दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, शेजारचा मोकळा प्लॉट मला स्वस्तात पदरात पाडून घ्यायचा होता, म्हणून मी तिथं बसणाऱ्या पोरांच्या मागं लागले. दुसरी, माझ्यापायी चांगल्या घरच्या पोरांची नावं पोलिसांत गेली. दोन्ही साफ खोट्या आहेत. प्लॉट घ्यायला माझ्याकडं पैसा नाही. ब्लाऊज शिवून मी घर चालवते. आणि पोरांची नावं पोलिसांत गेली ती उघड्यावर बसून प्यायल्यामुळं गेली. मी फक्त कागद लिहिला. हे सगळं एकदा सांगून टाकायचं होतंच, पण आता दुसऱ्या गल्ल्यांतल्या बायकाही माझ्याकडं विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

प्लॉटचा मालक पुण्याला. येड्या बाभळी माजलेल्या. दिवे लागले की मोटारसायकली येऊन लागायच्या. ग्लास, पाण्याचे पाऊच, फुटाणे कोपऱ्यावरच्या टपरीतून. बाटली कुठून यायची ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. रात्री दहानंतर गाडीतला साउंड आणि आयाबहिणीवरून शिव्या. खेड्यापाड्यांतून अकरावी-बारावीला आलेल्या, आमच्याकडं खोली करून राहणाऱ्या मुली शिकवणीहून येताना मोठ्या रस्त्यानं वळसा घालून यायला लागल्या. हे सहन करण्यातच बरीच वर्षं गेली.

अर्ज लिहायला बसले ते एका सकाळमुळं. नाली काढणाऱ्या सफाई कामगार बाईच्या तळव्यात फुटक्या बाटलीची काच गेली. ती माझ्या ओट्यावर बसली, मी हळद आणून दिली, ती दाबून धरली तरी बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. टपरीवाला तिथूनच ओरडला, "मावशे, बघून काम करत जा की." चूक तिची ठरली.

त्याआधी गल्लीतल्या मोठ्या माणसांकडं गेले होते. सगळ्यांचं एकच, आपसात मिटवा. माझ्या माहेरच्या गावात तंटामुक्ती समिती होती. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला ती मोहीम सुरू झाली, आणि गावात तिचा उपयोग झालेला मी पाहिला आहे. बांध कोरला, पाण्याची पाळी चुकली, भावाभावांत वाटणीवरून फाटलं, तर दोन बाजू असतात, दोघांना थोडं मागं सरायला सांगता येतं. इथं मी कशातून मागं सरायचं होतं? लेकीला संध्याकाळी घराबाहेर काढायचं नाही, हा त्यांचा तोडगा. त्याला मिटवणं म्हणत असतील तर ते मला मान्य नव्हतं.

अर्ज लिहिला. गल्लीतल्या बऱ्याच जणांनी सह्या केल्या, वाचून केल्या. वेगवेगळ्या कार्यालयांत दिला, प्रत्येक ठिकाणी पोच घेतली. कार्यालयांची नावं इथं लिहीत नाही. तिथं बसणाऱ्या सगळ्यांवर बोट जायला नको, त्यांतल्या काहींनी मदतही केली आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारचं, मी मशीनवर होते. प्लॉटवर बसणाऱ्या पोरांतला एक दारात आला. प्यालेला नव्हता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. "काकू, अर्ज दिला म्हणं तुम्ही." मी म्हटलं, कसला अर्ज? त्यानं मोबाइल पुढं केला. माझं अक्षर. माझी सही. खाली बाकीच्यांच्या सह्या. वर आवक शिक्का आणि नंबर. तेवढं तर माझ्या पोचेवरही होतं, म्हणून क्षणभर वाटलं की सही करणाऱ्यांपैकीच कुणीतरी माझ्या प्रतीचा फोटो काढला असेल. मग डाव्या समासाकडं लक्ष गेलं. तिथं तिरक्या अक्षरांत शेरा होता, "चौकशी करून अहवाल द्या", आणि खाली सही. माझ्या पोचेवर हा शेरा नाही. असणारच नाही, कारण पोच घेऊन मी बाहेर पडल्यावर तो साहेबांच्या टेबलावर पडला. म्हणजे फोटो आतून निघाला होता. मी ज्यांच्याकडं संरक्षण मागायला गेले, त्यांच्यातल्याच कुणीतरी माझा कागद त्यांच्या हातात दिला होता.

तो हसून म्हणाला, "अक्षर लय चांगलं हाय काकू तुमचं." मग, जाता जाता, "ताई कितवीला हाय आता?"

बस, एवढंच. शिवी नाही, हात उगारला नाही. त्या रात्री साउंड नेहमीपेक्षा मोठा होता.

प्यायला बसणाऱ्यांचा मला राग आहेच. पण माझं नाव फोडणाऱ्याचा राग त्याहून मोठा आहे. पिणारा एका गल्लीला त्रास देतो. नाव फोडणारा अख्ख्या गावाला शिकवतो की तक्रार करू नका. दुसऱ्याच दिवशी सह्या करणारे एकेक करून आले, "आमचं नाव तेवढं खोडा." एकानं तर त्या पोरांसमोर सांगितलं की बाईनं कशावर सही घेतली ते मी वाचलंच नव्हतं. त्याच गृहस्थानं अर्जातल्या दोन ओळी मला सुचवल्या होत्या. एका पोराचे वडील गावातलं एक वजनदार माणूस घेऊन आले, "लेकरं आहेत, तुमच्या लेकरासारखीच." माझं लेकरू त्या वेळी आतल्या खोलीत दार लावून बसलं होतं. आणि ज्या कार्यालयाचा शिक्का होता तिथं विचारलं तर, "इथून कसा जाईल ताई? तुमच्याच माणसांनी दिला असंल." मी शेऱ्याची गोष्ट काढली, तेव्हा साहेबांना एकाएकी मीटिंग आठवली.

आता ज्यांना तक्रार करायची आहे त्यांच्यासाठी.

पहिलं आवाजाचं, कारण तिथं कायदा तुमच्या बाजूनं सगळ्यात स्पष्ट आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही. वस्तीत मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१६ मध्ये सांगितलं की अशा तक्रारीसाठी तक्रारदाराच्या ओळखीचा आग्रह धरायचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर त्याच न्यायालयानं पुन्हा बजावलं की ओळख न विचारता कारवाई करा आणि तक्रारदाराचं नाव समोरच्याला कळू देऊ नका, कारण मग त्याला लक्ष्य केलं जातं. हे मला आधी माहीत असतं तर शब्दशः अर्जात घातलं असतं. तुम्ही घाला. ११२ ला फोन केला की नाव सांगायचं नाही असं स्पष्ट बोला आणि फोनची वेळ लिहून ठेवा. गाडी आल्यावर पोलीस फोन करून म्हणतात, "बाहेर या, कोण ते दाखवा." जाऊ नका. प्लॉटची खूण फोनवर सांगा, बसलेली माणसं त्यांना दिसतातच.

अर्ज माणसांविरुद्ध लिहू नका, जागेविरुद्ध लिहा. कुठली जागा, कोणते वार, किती वाजल्यापासून, कोणत्या नंबरच्या गाड्या, नेमकं काय घडतं. आपलं नाव-पत्ता वेगळ्या कागदावर, बंद पाकिटात जोडा आणि मुख्य अर्जात तसा उल्लेख करा. हे पाकीट कुणी घेत नसेल तर तसं पोचेवर लिहून मागा. शिवाय प्रत्येक कार्यालयाला द्यायच्या प्रतीत एखादा शब्द वेगळा ठेवा, एकीत "संध्याकाळी", दुसरीत "सायंकाळी". कोणती प्रत बाहेर फुटली ते मग कळतं. समासातला शेरा माझ्या नजरेस पडला हा निव्वळ योग. तुम्ही योगावर राहू नका.

कोणतं काम कोणत्या दारी न्यायचं हेही नीट लक्षात ठेवा. चोरून दारू विकणं म्हणजे महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम ६५, त्यासाठी पोलीस आहेत तसं राज्य उत्पादन शुल्क खातंही आहे. पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा घातला तर कलम ८५. रस्त्यावर असभ्य वागणं, शांतता मोडणं हे पोलीस कायद्याच्या ११० आणि ११२ मध्ये येतं. पण अशा केसचा धाक किती ते मी पाहिलं आहे. किरकोळ दंड भरून पोरं त्याच संध्याकाळी परत येऊन बसली. म्हणून "चॅप्टर केस" करा असं लेखी मागा. जुनं कलम १०७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १२६. त्यात शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतात, आणि तो मोडला की गोष्ट दंडावर भागत नाही. काही बायका म्हणाल्या, आडव्या बाटलीसाठी मतदान मागू. तो मार्ग परवाना असलेलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी आहे. आमच्या गल्लीत दुकानच नव्हतं.

आम्हाला उपयोगी पडला तो प्लॉटचा मालक. त्याच्यावर अर्ज करावा हे मला कुणी सांगितलं नाही, सातबारा आणि मालमत्ता कराच्या कागदांचा विचार करता करता माझं मलाच सुचलं. मोकळा प्लॉट घाण ठेवून लोकांना उपद्रव होत असेल तर नगरपरिषद मालकाला नोटीस काढू शकते. तिथं नाही झालं तर सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे जुन्या १३३ खाली, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांपुढं सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी अर्ज करता येतो. आपला तालुका त्यासाठी सेलू उपविभागात येतो. नोटीस गेली आणि मालकाचा पुण्याहून फोन आला. इतकी वर्षं ज्याला प्लॉटची आठवण नव्हती तो माझ्यावर खेकसला, की तुम्हाला काय त्रास होता. पण बाभळी तुटल्या, तारेचं कुंपण पडलं, फाटकाला कुलूप लागलं. खांबावर दिवाही आला. पोरं उठून पलीकडं नाल्याच्या अंगाला गेली आहेत. तिथल्या बायकांपैकीच काही जणी मला विचारायला येतात.

धमकी आली तर "मला धमकी दिली" असं मोघम लिहू नका. बोललेले शब्द जसेच्या तसे, तारीख, वेळ, ऐकणारे कोण. "ताई कितवीला हाय" हे वाक्य कागदावर निरुपद्रवी दिसतं, म्हणून त्याच्या आधी काय दाखवलं, कुणी दाखवलं, हेही लिहा. अदखलपात्र नोंद झाली तर तिची प्रत मागून घ्या. दखलपात्र असूनही गुन्हा नोंदवत नसतील तर सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं परभणीला पाठवा आणि पावती जपून ठेवा. बाकी नेहमीचं: एकी ठेवा, प्यालेल्याशी वाद घालू नका, कॅमेरा लावायचा तर आपल्या दारापुरता लावा. एकीबद्दल मी जास्त बोलत नाही. माझ्या वेळी ती किती टिकली ते वर लिहिलं आहे.

माझं एक काम राहिलं आहे. जिथून कागद फुटला त्या कार्यालयात दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार टाकला: शेरा पडल्यानंतर माझा अर्ज कुणाकुणाकडं गेला, त्याच्या नोंदवहीची प्रत द्या. उत्तर आलं, माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही. आवक नंबर आहे, साहेबांचा शेरा आहे आणि पुढची नोंद नाही, हे मी ऐकून घेणार नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं आहे. तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत त्याचा निकाल द्यावा लागतो. सुनावणीची तारीख आली की मी जाणार आहे. ज्यांनी त्या अर्जावर सह्या केल्या होत्या, त्यांतलं कुणी सोबत येणार असेल तर घरी येऊन सांगावं. दिवसा यावं, उघडपणे यावं.