स्वमग्नता : निदान करावे की न करावे?

१९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे सविस्तर वर्णन केले. नजरेला नजर न देणे, संवादासाठी भाषा न वापरणे, ठरलेल्या क्रमातील बदल सहन न होणे ही तिची काही लक्षणे होत. रक्त तपासून ती कळत नाही. मुलाचे वागणे पाहून व पालकांशी बोलून तज्ज्ञ निदान करतात.

माझ्या चार वर्षांच्या भाच्याविषयी असा संशय आला, तेव्हा घरात दोन तट पडले. ‘मुलगे उशिराच बोलतात, उगाच शिक्का कशाला?’ असे आजीचे म्हणणे. ताईला शाळेची काळजी. या वादात दोन गोष्टींची गल्लत होते, असे मला वाटते. निदान म्हणजे मुलाची अडचण ओळखणे. प्रमाणपत्र म्हणजे हक्काचा कागद. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता येते. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. निदान झाले म्हणून प्रमाणपत्र काढलेच पाहिजे असे नाही. परंतु निदानावाचून ते मिळत नाही. म्हणून ताईने निदान करून घेतले व प्रमाणपत्राचा विचार पुढे ठेवला.

शिक्क्याची भीती खोटी नव्हे. पण निदान टाळून मूल शिक्क्यातून सुटत नाही. ‘हट्टी’, ‘मठ्ठ’ हे शिक्के समाज मारतोच. त्यांपेक्षा खरे नाव बरे. वाचा-उपचारासारखी मदत मात्र निदानासाठी खोळंबून ठेवू नये.