वर्धा ते हिंगणघाट : सायकलवरील भूगोलाचा पाठ

नकाशात वर्धा जिल्ह्याचा दक्षिण भाग सपाट दिसतो. मोटारीतून जाणाऱ्यासही तो तसाच वाटतो. परंतु सायकलस्वाराचे पाय असे फसत नाहीत. लहानसा चढही त्यांस तत्काळ कळतो, आणि भूगोलाचा एक मोठा धडा त्या चढातच दडलेला आहे. वर्ध्याहून वायगावमार्गे हिंगणघाटास जाऊन परत येणे म्हणजे सुमारे ७५ ते ८० किलोमीटरची मजल. कार्तिकातील एका दिवशी आम्ही ती केली, तेव्हा जे अवलोकन घडले ते येथे देत आहोत.

ही भूमी लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाची आहे. तो झिजून जी माती झाली, ती पावसाबरोबर उंचवट्यावरून सखल भागाकडे वाहत गेली. म्हणून माथ्यावर मुरूम उघडा पडतो, तर नाल्याकाठी मातीचा थर कित्येक हात खोल असतो. शेतकऱ्यांनी या जमिनींस फार पूर्वीच नावे दिली आहेत : खोल ती काळी, चुनखडीचे खडे मिसळलेली ती मोरंड, त्याहून हलकी ती खरडी, आणि माथ्यावरची गोटाळ ती बरडी. चढाला लागून पाय जड झाले की रस्त्याकडेची पऱ्हाटी खुजी होत जाते. उतार संपला की तीच कमरेइतकी उंच व बोंडांनी भरलेली दिसते.

याचे कारण ओलावा होय. जिल्ह्यात वर्षास सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पण तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. मध्ये पावसाने ताण दिला, तर बरडीतील पीक प्रथम करपते. काळी मात्र ओल धरून राहते. उलट अतिवृष्टी झाली, तर बरडीतील पाणी निघून जाते आणि काळीत मुळे कुजतात. एकाच गावी, एकाच पावसात, एक शेतकरी तरतो व दुसरा बुडतो. पऱ्हाटीत मधूनमधून तुरीच्या ओळी दिसतात, त्या याच भयापोटी. तुरीचे सोटमूळ खोल जाते, म्हणून एक पीक गेले तरी दुसऱ्याची आशा उरते.

गावांची नावेही हेच सांगतात. वाटेवरील वायगाव हे ‘निपाणी’, म्हणजे पाण्यावाचूनचे, म्हणून ओळखले जाते. समुद्रपूर तालुक्यातील वायगाव ‘हळद्या’ म्हणविते, व तेथील हळदीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वेणा नदीकाठच्या हिंगणघाटाची कीर्ती तर एकोणिसाव्या शतकापासून कापसावर उभी आहे. त्या कापसाचे एकेक बोंड मात्र शेतमजूर स्त्रिया हातांनी वेचतात, आणि त्यांची मजुरी वजनावर ठरते. बोंडे थोडी, तर मजुरीही थोडी.

विद्यार्थिमित्रांनो, अशा प्रवासास निघताना पुरेसे पाणी, हवेचा पंप व पंक्चरचे साहित्य अवश्य घ्यावे. त्याहून एक गोष्ट अधिक ध्यानी धरावी. कोणा शेतकऱ्याचे पीक बुडाल्याचे ऐकून त्याच्या उद्योगास दोष देण्यापूर्वी, त्याचे शेत माथ्यावर आहे की नाल्याकाठी, एवढे तरी आधी विचारावे.