माळ्याची मजुरी व तिचा हिशेब

सुरतेतील मराठी माणूस म्हटला की कापडाचा कारखानाच डोळ्यांपुढे येतो. परंतु उधना-लिंबायतेकडे खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या आपल्या मंडळींपैकी काहीजण बागेच्या कामावरही आहेत. शेती सोडून आलेल्या माणसाला खुरपे नवे नसते; नवा असतो तो ठेकेदाराचा हिशेब.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. किमान दर ठरविताना सरकार मुख्यत्वे कामाचे कौशल्य व ठिकाण पाहते. खरी मेख कौशल्यात आहे. पाणी घालणे, पालापाचोळा उचलणे हे अकुशल काम म्हणता येईल. पण जो गुलाबाची छाटणी करतो, कलम बांधतो, गवत कापण्याचे यंत्र चालवितो, त्याचे नाव हजेरीपटावर ‘मदतनीस’ म्हणून का असावे? त्या एका शब्दाने रोजचा दर उतरतो, आणि त्याबरोबर भविष्य निर्वाह निधीचा वाटाही. म्हणून कामावर लागतानाच आपली नोंद कोणत्या वर्गात झाली, हे विचारून घ्यावे.

आता जादा वेळेचे पाहू. समजण्यापुरता रोज ४८० रुपये धरू. आठ तासांचे काम, म्हणजे तासाला ६० रुपये. पावसाळ्यात गवत माजते आणि दोन तास जास्त थांबावे लागते. जादा वेळेचा दर किमान दुप्पट, म्हणून त्या दोन तासांचे १२० नव्हे, २४० रुपये होतात. ‘चहापाण्याचे’ पन्नास रुपये हा काही हिशेब नव्हे!

निंदणीला बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी, ही गावाकडची रीत पुष्कळ भगिनी निमूटपणे शहरातही चालवून घेतात. सारख्या कामाला सारखे वेतन हा १९७६ पासूनचा कायदा आहे व नव्या संहितेतही तो कायम आहे.

मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळावयास हवा. काम सुटल्यास दोन कामाच्या दिवसांत. ठेकेदाराने पैसे बुडविले, तर ज्या संस्थेची बाग आहे तिच्यावर ती जबाबदारी येते. थकलेल्या मजुरीचा दावा पूर्वी किमान वेतन कायद्याखाली सहा महिन्यांत करावा लागे. आता तीन वर्षांपर्यंत करता येतो. तेव्हा पगाराची पावती व स्वतः लिहिलेली हजेरीची वही तोवर जपून ठेवावी.