काळी काच आणि आपली गारगोटी

भुसावळला रेल्वेच्या रुळांखाली काळी खडी असते. तो दगड म्हणजे निवालेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून हा तापलेला रस वर आला नि थरावर थर साचले.

काही देशांतला लाव्हा निराळा असतो. त्यात सिलिका फार, म्हणून तो घट्ट. साखरेचा पाक सावकाश निवला तर साखरतो, थंड ताटात ओतला तर काचेसारखा होतो. तसाच हा लाव्हा झटकन निवला की त्याची काळी काच होते. तिला ऑब्सिडियन म्हणतात. तुर्कस्तानात चाताल ह्युयुक येथे सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी लोकांनी ती घासून आरसे केले. त्यांत तोंड दिसे बरे! मेक्सिकोत तिच्या सुऱ्या करीत. प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेतले घटक वेगळे असतात. त्यावरून सुरी कोणत्या डोंगरातली, हे आज ओळखता येते आणि जुना व्यापार कळतो.

आपल्या खानदेशातला लाव्हा पातळ, त्याचा काळा दगड झाला. मग इथल्या लोकांनी धार कशाची केली? धिरड्याला जाळी पडते, तशी त्या लाव्ह्यात बुडबुड्यांची पोकळी राहिली. पुढे पाण्यातली सिलिका तीत साचली. त्याच गारगोट्या नि अकीक. जुनी माणसे चकमकीला वापरीत, तीच ही गार.

तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे. १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केले. सर्वांत खालच्या थरांत, म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत, रंगीत खापरांबरोबर अशा दगडाची पाती मिळाली. गिरणाकाठी बहाळलाही मिळाली. तांबे तेव्हा होते, पण थोडे. म्हणून ही पाती लाकडात बसवून कापायला घेत.

आता आम्हांला काळजी वाटते ती पांढरीची. जुन्या गावाच्या टेकाडाची माती धाब्यावर टाकायला लोक नेत, कुणी शेतातही टाकीत. पाते कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी होते, यावरून त्याचा काळ ठरतो. माती ट्रॅक्टरमध्ये भरली की ते गेले. पाते दिसले तर उपटू नका. जागा तशीच राखून तलाठ्याला किंवा शाळेत कळवा.

ओळखायचे कसे? गारगोटी आपोआप वेडीवाकडी फुटते. पात्याच्या दोन्ही कडा सरळ असतात आणि पाठीवर एक-दोन उभे कणे असतात. धारेवरून मात्र बोट फिरवू नका. ती अजून कापते.