नळीत उकळतं पाणी कशासाठी?

प्रश्न : वडील १९६० साली फौजेत भरती झाले. निवृत्तीनंतर त्यांनी बारा बोअरची दुनळी घेतली. ते गेल्यावर ती रीतसर परवान्यासह माझ्या नावावर झाली. बार काढला की ते नळीत उकळतं पाणी ओतायचे, मग चिंधी फिरवून खोबरेल तेल लावायचे. मीही तसंच करावं का? की साफसफाईसाठी कारागिराकडेच द्यावी?
– एक वाचक, ता. राहुरी

उत्तर : वडिलांची सवय चुकीची नव्हती, फक्त ती दुसऱ्या हत्याराची होती. ते भरती झाले तेव्हा जवानाच्या हाती थ्री नॉट थ्री रायफल असायची. १९६२ च्या चीन युद्धातही आपली माणसं तीच घेऊन उभी होती. तिच्या काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते, तिच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की त्याचा क्षार नळीत उरायचा. हा क्षार म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. हवेतला ओलावा ओढून घ्यायचा आणि बघता बघता नळीला तांबेरा चढायचा. आता मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून पाणी. आणि उकळतं अशासाठी की पोलाद तापतं व नळी आपोआप कोरडी होते.

आजच्या बारा बोअरच्या काडतुसात तो क्षार उरत नाही. तेव्हा पाण्याची गरज नाही, उलट ते आत चापाच्या यंत्रणेत आणि दस्त्याच्या लाकडात मुरतं. खोबरेलही सोडा. डिसेंबरात नगरच्या थंडीत बाटलीतलं खोबरेल कसं गोठतं ते तुम्ही रोज पाहता. कमानीपाशी गेलेलं तेलही तसंच गोठतं, आणि जुनं झालं की खवट, चिकट होतं. बंदुकीचं तेल आणा. ते हाताशी नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालेल.

साफसफाई मात्र स्वतःच शिका. मी शस्त्रागारात नोकरी केली, आणि पहिला आठवडाभर आमच्या उस्तादांनी मला तेलाचा थेंबही लावू दिला नाही. फक्त एकच काम : हत्यार रिकामं आहे का ते बघायचं. दिवसातून पन्नास वेळा. तेव्हा राग यायचा. पुढे ‘बंदूक साफ करताना गोळी सुटली’ अशी बातमी पेपरात वाचली की तो आठवडा आठवतो. साफ करताना गोळी सुटत नाही हो, साफ करण्याआधी ती काढलेली नसते.

म्हणून सुरुवात अशी करा. मुलं घराबाहेर, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. नळीचं तोंड माणूस नसलेल्या दिशेला आणि बोट चापापासून लांब. मग कळ फिरवून दुनळी मोडा आणि दोन्ही घरांत डोळ्यांनी बघा, शिवाय करंगळी घालून बघा. काल रात्री तुम्हीच रिकामी करून ठेवली असली तरी बघा. त्यानंतर पुढचं लाकूड काढलं की नळ्या दस्त्यापासून सुट्या होतात, आणि सुटी नळी हातात असली की जीव निर्धास्त राहतो.

वस्तीवरच्या लोकांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नळ्या उजेडाकडे धरून आरपार बघा. कुंभारीण माशीला अशी भोकं फार आवडतात. चार-सहा दिवसांत ती आत मातीचं घरटं लिंपून मोकळी होते. तशा नळीतून बार काढला तर नळी तुमच्या डाव्या हाताशी फुटेल. बंदूक निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा होती आणि परत आली, तरी त्याच दिवशी हे बघायचं.

गज घालायचा तो मागच्या बाजूने, म्हणजे जिथे काडतूस बसतं तिथून, तोंडाकडे. आधी नळी साफ करायचं द्रावण, थोडा वेळ मुरू द्यायचं, मग पितळी तारेचा ब्रश, मग चिंध्या. फौजेत नळीतून ओढायच्या दोरीला, म्हणजे फुलथ्रूला, हीच चिंधी बांधतात. पहिली काळी येईल, दुसरी राखाडी. पांढरी येईपर्यंत बदलत राहा. शेवटी तेलाचा पुसट हात, इतका पुसट की बोट फिरवलं तर चमक दिसावी, ओघळ दिसू नये. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ चूल किंवा विडी नको. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवू नका. आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं.

उजेडात बघताना नळीत एखादी काळी कडी दिसली, तर तिथे फुगवटा असू शकतो. खळगे दिसले, नळ्या दस्त्यावर खुळखुळल्या, चाप हलका वाटला, तर हात थांबवा. इथून पुढे दुरुस्ती सुरू होते, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे हा धंदा परवानाधारक कारागिराचाच. स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरी कमान उघडू नका.

आपल्या नगरातच १५४९ साली ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ आज विजापूरच्या बुरुजावर उघड्यावर आहे. ती कांस्याची आहे, पोलादासारखा तांबेरा तिला चढत नाही. तुमच्या दुनळीला ती सवलत नाही. म्हणून खंडेनवमीला पूजा करताना हळदकुंकू नळीवर नको. पूड तेलात बसते, तेलाचा चिखल होतो, आणि त्याखाली ओल साचते. बोट दस्त्याच्या लाकडावर टेकवा, फूल शेजारी पाटावर ठेवा. दिवेलागणीला सगळं कोरड्या फडक्याने पुसा, पुन्हा एकदा मोडून बघा, आणि कुलपात टाका.